पेशीची कळ आणि मशेरीची डबी

१९६०च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यांची पथके पुणे जिल्ह्यातली खेडी घरोघर फिरत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि कोपनहेगनचे प्रा. येन्स पिंडबोर्ग यांनी ही पाहणी आखली होती. काम सांगायला सोपे, करायला चिकाटीचे. माणसाला तोंड उघडायला लावायचे, गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्या नीट पाहायच्या, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर नोंदवायचा आणि तंबाखू कोणत्या रूपात घेता तेही लिहून घ्यायचे. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तपासलेल्या गावकऱ्यांचा आकडा होता १,०१,७६१. एका जिल्ह्यातल्या लाखावर माणसांच्या तोंडांत डोकावणारी अशी पाहणी जगात त्याआधी क्वचितच झाली असेल.

त्याच दशकात लंडनमध्ये जेनिफर हार्वे (१९६४) आणि शिकागोत वर्नर कर्स्टन (१९६७) यांना उंदीरवर्गातल्या प्राण्यांमध्ये मांसार्बुद निर्माण करणारे दोन विषाणू सापडले होते. त्या विषाणूंत दडलेल्या जनुकांना पुढे रॅस हे नाव पडले आणि हार्वे व कर्स्टन यांच्या आद्याक्षरांवरून एच-रॅस व के-रॅस ही नावे आली. पुणे जिल्ह्यातल्या तोंडांची तपासणी आणि परदेशातल्या प्रयोगशाळेतली ही जनुके यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कुणाच्या मनातही आले नसेल. तो संबंध जुळायला १९९१ साल उजाडावे लागले आणि तो जुळला मुंबईत.

आधी तंबाखूची बाजू. भोर आणि वेल्हे हे त्याच पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. वेळवंडी, नीरा, गुंजवणी आणि कानंदीची खोरी, भात-नाचणीची खाचरे, डोक्यावर राजगड, तोरणा आणि रोहिडा. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. मावळातल्या घरांत मशेरी नवी नाही. तंबाखूचे पान तव्यावर टाकायचे, काळे पडून धूर निघेपर्यंत भाजायचे, चुरून भुकटी करायची आणि डबीत भरायची. पहाटे चूल पेटायच्या आधी चिमूटभर बोटावर घेऊन ती दातांवर, हिरड्यांवर घासायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग चूळ भरायची. दात दुखत नाहीत, पोट साफ होते, अशी समजूत. एकदाची सवय हळूहळू दिवसातून तीन-चार वेळांवर जाते. खरी अडचण अशी की ही तंबाखू आहे असे घरात कुणी मानतच नाही. तो दात घासण्याचा प्रकार ठरतो. त्यामुळे विडीला, गुटख्याला नावे ठेवणारी आजी नातीला मशेरी लावायला शिकवते आणि दवाखान्यात "तंबाखू खाता का?" असे विचारले तर मनापासून "नाही" म्हणते.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू फुप्फुसापेक्षा तोंडातच जास्त जाते. रॅस ही पेशीच्या वाढीची कळ इथे कुठे आणि कशी बिघडते हे समजून घेताना हा आकडा विसरून चालत नाही.

आता ती कळ. रॅस हे जेमतेम १८८-१८९ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. पेशीपटलाच्या आतल्या अंगाला ते एका स्निग्ध शेपटीने रुतून बसलेले असते. त्याच्या खोबणीत जीडीपी हा रेणू असला की कळ बंद, जीटीपी असला की चालू. दोघांत फरक एका फॉस्फेटचा. पेशीबाहेरून वाढीचा निरोप आला की पटलावरचे ईजीएफआरसारखे ग्राहक तो आत पोहोचवतात. सॉस नावाचे प्रथिन खोबणीतला जीडीपी सैल करते, जागी जीटीपी शिरतो आणि रॅसचे दोन लवचीक भाग आकार बदलतात. बदललेला आकार राफ या प्रथिनाला पकडतो, राफ मेकला, मेक अर्कला जागे करते आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो: विभाजन सुरू करा. निरोप पोहोचला की गॅप जातीची प्रथिने रॅसपाशी येतात, जीटीपीचा तिसरा फॉस्फेट तोडायला मदत करतात आणि कळ पुन्हा बंद होते.

भोरजवळच्या भाटघर धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपसूक उघडतात, पातळी उतरली की मिटतात. रॅसची रीत तीच आणि बिघाडही त्याच जातीचा. दरवाजा उघडा अडकला की वर पाणी किती आहे याला काही अर्थ उरत नाही, खाली लोंढा चालूच राहतो. कर्करोगात रॅस असेच चालू स्थितीत अडकते. बाहेरून निरोप येवो न येवो, पेशी विभागत राहते.

अडकण्याचे ठिकाण विलक्षण बारीक आहे. रॅसच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसिन असते. हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, त्याच्या बाजूला फक्त एक हायड्रोजन. जागा अशी मोकळी असते म्हणूनच गॅप प्रथिन आपले आर्जिनिनचे टोक खोबणीत घालून फॉस्फेट तोडू शकते. बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी दुसरे काहीही आले, तरी ते ग्लायसिनपेक्षा मोठेच असणार. वाट अडते, जीटीपी तुटत नाही, कळ मिटत नाही. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत हेच सापडले. डीएनएमध्ये जीजीसी होते तिथे जीटीसी झाले होते आणि ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आले होते. हजारो अक्षरांच्या जनुकात एक अक्षर बदलले होते. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच वर्षी हा निष्कर्ष काढला आणि त्यांपैकी एका शोधनिबंधाचे पहिले लेखक होते भारतीय वंशाचे ई. प्रेमकुमार रेड्डी. माणसाच्या गाठीतल्या कर्कजनुकाचा बिघाड अक्षरापर्यंत वाचला गेला तो तेव्हाच पहिल्यांदा.

हे अक्षर बदलते कशाने? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर पुढच्याच वर्षी आले आणि त्यात मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेत गेलेल्या सरस्वती सुकुमार यांचा वाटा मोठा होता. मारियानो बार्बासिड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मादी उंदरांना नायट्रोसोमेथिलयुरिया हे रसायन दिले. स्तनात गाठी झाल्या, आणि त्या गाठींत एच-रॅसच्या बाराव्या जागी जीजीएचे जीएए झालेले आढळले. रसायन डीएनएतल्या ग्वानिनला मेथिलचा तुकडा चिकटवते, पेशी प्रत काढताना त्या ग्वानिनला चुकून अॅडेनिन समजते आणि कळ अडकते. रसायनापासून गाठीपर्यंतचा रस्ता इतका सलग प्रथमच दिसला.

नायट्रोसो कुळातली रसायने तंबाखूतही असतात. पान वाळवताना, साठवताना निकोटिनपासून नायट्रोसअमाइन्स बनतात. भाजल्याने त्यात जळणातून येणाऱ्या विषारी पदार्थांची भर पडते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मशेरीचे प्रयोग प्राण्यांवर केले आणि ती कर्ककारक असल्याचे दाखवले. भाजल्याने तंबाखूचा जोर जातो, ही खेड्यापाड्यातली समजूत या कामाने तेव्हाच मोडीत काढली होती. ती अजून टिकून आहे, याचा दोष संशोधनाचा नाही. ते निष्कर्ष चुलीपर्यंत पोचले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

ही संस्था १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचे नाते भारतात चिकाटीने मांडणाऱ्यांत त्यांचे नाव आधी येते. याच संस्थेत धनंजया सारनाथ, डॉ. मा. ग. देव आणि त्यांचे सहकारी, लंडनच्या दंतसंशोधकांच्या जोडीने, तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या तोंडातल्या गाठी तपासत होते. १९९१ साली त्यांचा निबंध ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये आला. ५७ पैकी २० गाठींत, म्हणजे ३५ टक्क्यांत, एच-रॅसची कळ अडकलेली होती. बिघाड मुख्यतः बाराव्या आणि एकसष्टाव्या जागी. पाश्चात्त्य देशांतल्या तोंडाच्या कर्करोगात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते.

या एका निबंधाचे महत्त्व महाराष्ट्रात पुरेसे सांगितले गेलेले नाही. रोगाचे नाव एकच असले तरी इथल्या तोंडातला कर्करोग आणि लंडनच्या तोंडातला कर्करोग यांच्या मुळाशी वेगळा बिघाड असू शकतो, हे त्यात रेणूच्या पातळीवर दिसले. परदेशात ठरलेला चाचण्यांचा आणि औषधांचा क्रम जसाच्या तसा इकडे लावता येत नाही, या म्हणण्याला त्यातून भक्कम आधार मिळाला.

त्याचा अर्थ मात्र ताणू नये. तोंडाच्या बहुतेक गाठींत एच-रॅस शाबूत असते. २०१३ साली कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यक जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा मेमोरियलचे अॅक्ट्रेक यांनी मिळून हिरडी-गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. आधी ५० आणि पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांच्या गाठी त्यात वाचल्या गेल्या. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ या जनुकांबरोबर एच-रॅसही त्या यादीत होते आणि आधी न दिसलेली काही नवी जनुकेही निघाली. म्हणजे कळ अडकणे हा कटातला एक भाग आहे. पेशीला आवर घालणारी आणि बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारी जनुकेही एकेक करून निकामी व्हावी लागतात. त्याला वर्षे लागतात, आणि हीच वर्षे माणसाच्या हाताशी असतात.

तोंडाबाहेर पाहिले तर रॅसचा पसारा फार मोठा. माणसाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात एच-रॅस, के-रॅस आणि एन-रॅस या तिन्ही जनुकांपैकी एक बिघडलेले असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात के-रॅसचा बिघाड ९० टक्क्यांच्या घरात, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे ४० टक्के. फुप्फुसाच्या बाबतीत आपल्याकडचे चित्र पुन्हा वेगळे. टाटा मेमोरियलमधल्या ९०७ रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासात २३ टक्क्यांत रॅसच्या वरच्या पायरीवरचा ईजीएफआर हा ग्राहक बिघडलेला आढळला. हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरेच जास्त आहे. त्यावर गोळ्या उपलब्ध आहेत, म्हणून चाचणीला अर्थ आहे.

आतड्याच्या कर्करोगात रॅसची चाचणी औषध देण्यासाठी नव्हे, न देण्यासाठी कामाला येते. सेटक्सिमॅब हे इंजेक्शन ईजीएफआर अडवते. पण त्याखालची कळच चालू अडकली असेल तर वरचा निरोप अडवून काय होणार? २००८ साली हे रुग्णांच्या आकडेवारीतून स्पष्ट झाले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूचनापत्र बदलले. शेती विकून किंवा कर्ज काढून उपचार करणाऱ्या कुटुंबासाठी या चाचणीचे मोल फार आहे. जे औषध लागूच पडणार नाही, त्यावरचा खर्च आणि त्याचा त्रास दोन्ही ती वाचवते.

औषधांच्या बाबतीत रॅसने तीस वर्षे शास्त्रज्ञांना दाद दिली नाही. जीटीपीला ते इतके घट्ट धरते की ती जागा बळकावणे अशक्यप्राय, आणि बाकीचा पृष्ठभाग गुळगुळीत. २०१३ साली कॅलिफोर्नियात केव्हन शोकाट यांच्या गटाला फट सापडली. के-रॅसच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन आले असेल, म्हणजे जी१२सी हा प्रकार असेल, तर सिस्टीनच्या गंधकाला औषधाचा रेणू कायमचा जखडता येतो आणि त्याच्याशेजारी एक लपलेला कप्पा उघडतो. २८ मे २०२१ रोजी सोटोरासिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, डिसेंबर २०२२ मध्ये अॅडाग्रासिबला. पहिल्या मोठ्या चाचणीत सोटोरासिबने १२४ पैकी ३७ टक्के रुग्णांची फुप्फुसातली गाठ लक्षणीय आटवली. पुढे नेहमीच्या केमोथेरपीशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा रोग वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ ५.६ महिने भरला, केमोचा ४.५ महिने, आणि एकूण आयुष्यमानात फरक दिसला नाही. पेशी दुसरी वाट काढते, नवे बिघाड घडवते. म्हणून आता आतड्याच्या कर्करोगात ही औषधे ईजीएफआर अडवणाऱ्या औषधांबरोबर जोडीने देतात, आणि एका जागेच्या बिघाडावर न थांबता चालू स्थितीतल्या सगळ्याच रॅसना धरणाऱ्या रेणूंच्या चाचण्या सुरू आहेत.

जी१२सी हा मुख्यतः सिगारेटच्या धुरातून होणारा बिघाड. जगातला बराच पैसा त्यामागे गेला, आणि ज्या देशांत ही औषधे बनतात तिथे तो जास्त आढळतो. मशेरी आणि गुटख्याने बिघडलेल्या एच-रॅसमागे इतका पैसा उभा राहिलेला नाही.

तरी एक वाट आहे आणि ती रोचक आहे. रॅसची स्निग्ध शेपटी फार्नेसिल नावाच्या साखळीची असते आणि ती एक विकर जोडून देते. त्या विकराला अडवणारी औषधे १९९०च्या दशकात मोठ्या आशेने तयार झाली. ती आपटली, कारण के-रॅस आणि एन-रॅसला दुसऱ्या विकराकडून पर्यायी शेपटी मिळते. एच-रॅसला मात्र हा पर्याय नाही. शेपटी नसली की ते पटलावर टिकत नाही, आणि पटलावर नसलेली कळ कितीही चालू असली तरी निरोप पुढे जात नाही. म्हणून टिपिफार्निब हे जुने, बाजूला पडलेले औषध पुन्हा बाहेर काढले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोके-मानेच्या कर्करोगात ज्यांच्या गाठीत बिघडलेल्या एच-रॅसचे प्रमाण मोठे होते अशा २० पैकी ११ रुग्णांची गाठ आटली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला त्याच वर्षी विशेष दर्जा दिला. तो दर्जा म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे, आणि वीस माणसांवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. पण ज्या देशात तोंडाच्या कर्करोगात एच-रॅस इतके बिघडलेले आढळले, त्या देशानेच ही चाचणी मोठ्या प्रमाणावर करायला हवी, असे म्हणण्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

रॅसचे सगळेच आजार कर्करोगाचे नसतात. न्यूरोफायब्रोमाटोसिस या आजारात जन्मतःच न्यूरोफायब्रोमिन हे गॅप प्रथिन अपुरे असते. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग येतात, मज्जातंतूंवर गाठी वाढतात. साधारण तीन हजारांत एका बाळाला तो होतो. साखळीतल्या मेकला अडवणारे सेलुमेटिनिब २०२० साली अमेरिकेत अशा मुलांसाठी मान्य झाले. कर्करोगासाठी चाललेल्या संशोधनाचा असा फायदा मुलांनाही झाला.

पुण्यातही या कुळावर काम चालते. पाषाणच्या आयसरमध्ये नागराज बालसुब्रमणियन यांचा गट रॅसच्याच कुळातल्या राल या प्रथिनावर संशोधन करतो. सामान्य पेशी आधार सुटला की वाढ थांबवते, कर्कपेशी थांबवत नाही. राल त्या वागणुकीत कसा हात घालते हा त्यांचा विषय. राजगडच्या पायथ्यापासून ही प्रयोगशाळा गाडीने फार दूर नाही.

औषधांची ही सगळी हकिगत वाचून एक हिशेब मनात पक्का होतो. अडकलेली कळ मोकळी करायला चाळीस वर्षे आणि अफाट पैसा लागला आणि त्यातून मिळाले ते बहुधा काही महिने. ती अडकूच नये यासाठी जे करायचे ते स्वस्त आहे आणि त्याचा पुरावाही भारतातल्याच खेड्यांतून आलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या पाहणीत असलेल्या गटानेच पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६ हजारांवर तंबाखू घेणाऱ्यांना सवय सोडण्यासाठी समजावले. १९८६ साली आलेल्या निष्कर्षांत समजावलेल्यांपैकी जास्त लोकांनी तंबाखू सोडली होती आणि तोंडातले पांढरे चट्टेही कमी झाले होते. तिरुवनंतपुरमजवळच्या मोठ्या चाचणीत नुसत्या नजरेने तोंड तपासण्याने, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २००५ सालचा. पुण्याच्या पाहणीतल्याच डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात दाखवले की धूरविरहित तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मशेरी, घेणाऱ्या आईच्या बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते. गर्भारपणात मशेरी बंद करण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

म्हणून भोर-वेल्ह्यातल्या आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनी "तंबाखू खाता का?" हा प्रश्न थांबवून "मशेरी लावता का?" असा थेट प्रश्न विचारावा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांतून एकदा आहेच. मशेरी लावणाऱ्या बाईने तेवढ्याची वाट पाहू नये. आरशासमोर बॅटरी धरून गाल, हिरड्या आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तीन बोटे उभी न मावण्याइतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. घरात कुणाला आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, तर महागडे औषध सुरू होण्याआधी रॅस आणि ईजीएफआरची चाचणी झाली का, हे डॉक्टरांना विचारावे. मशेरी सोडायची असेल आणि एकट्याने जमत नसेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाणीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे आणि फोन मोफत लागतो.